गाडी मुलाच्या नावावर, चालवतात वडील : विमा कोणता आणि केवढ्याचा घ्यावा?

प्रश्न : वय ६९. निवृत्त शिक्षक, दारव्हा तालुक्यात राहतो. मुलाने पुण्यात घेतलेली २०१८ची, ११९७ सीसीची पेट्रोल गाडी दोन वर्षांपासून माझ्याकडे आहे. आरसी आणि विमा अजून त्याच्याच नावावर आहेत. महिन्यातून दोन-तीनदा यवतमाळला जातो, पत्नीच्या तपासणीसाठी अधूनमधून सावंगी मेघेला, वर्षातून एकदा शेगावला. वर्षाला चारेक हजार किलोमीटर होतात. एजंट म्हणतो, "फर्स्ट पार्टी महाग पडते, तुमच्या वयात थर्ड पार्टी पुरे." घर पेन्शनवर चालतं. काय घ्यावं?

उत्तर : गुरुजी, प्रीमियमचा आकडा नंतर पाहू. आधी आरसीवरचं नाव पाहू, कारण तुमच्या प्रश्नातली सगळ्यात धोक्याची गोष्ट तिथे आहे.

प्रत्येक कारच्या विम्यासोबत मालक-चालकाचा सक्तीचा अपघात विमा असतो. पॉलिसीवर तो 'सीपीए' किंवा 'पीए ओनर ड्रायव्हर' असा छापलेला दिसेल. रक्कम १५ लाख रुपये. मृत्यू आला किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर पूर्ण रक्कम मिळते, एक हात किंवा एक पाय गेला तर निम्मी. पण त्याला तीन अटी आहेत : माणूस गाडीचा नोंदणीकृत मालक हवा, पॉलिसीत विमाधारक म्हणून त्याचंच नाव हवं आणि अपघाताच्या दिवशी त्याचं लायसन्स चालू हवं. तुमच्या गाडीत हे १५ लाख तुमच्या मुलाच्या जिवाचे आहेत, आणि तो पुण्यात बसला आहे. स्टिअरिंगवर तुम्ही आहात आणि तुमच्यासाठी त्या कलमात एक रुपयाही नाही. दोन वर्षं प्रीमियम भरला जातोय, पण ज्याच्यासाठी भरायला हवा तो माणूस त्यात नाही. मुलाने नोकरीच्या गावी घेतलेली गाडी वडिलांकडे आलेली, अशी कितीतरी घरं आपल्याकडे आहेत आणि त्या प्रत्येक घरात हीच फट आहे.

यावर सरळ उपाय म्हणजे गाडी तुमच्या नावावर करून घेणं. फॉर्म २९ मुलाच्या सहीने, फॉर्म ३० तुम्हा दोघांच्या सहीने, सोबत आरसी, चालू विमा, पीयूसी, आधार आणि पॅन. गाडीवर कर्ज होतं आणि ते फिटलं असेल, तरी आरसीवर बँकेचा बोजा दिसतो का ते पाहा. दिसत असेल तर बँकेचं पत्र आणि फॉर्म ३५ लावून तो आधी उतरवा, नाहीतर अर्ज तिथेच अडतो. पुणे आणि यवतमाळ एकाच राज्यात असल्यामुळे नंबर बदलावा लागत नाही. नाव बदललं की १४ दिवसांच्या आत विमा कंपनीला कळवून पॉलिसीही तुमच्या नावावर करून घ्या. इथे लोक हमखास चुकतात. आरसी वडिलांच्या नावाची आणि पॉलिसी मुलाच्या नावाची, अशा अवस्थेत अपघात झाला तर गाडीच्या नुकसानीचा क्लेम कंपनी नाकारते. थर्ड पार्टीचा, म्हणजे समोरच्याच्या नुकसानीचा भाग कायद्याने गाडीसोबत जातो, स्वतःच्या नुकसानीचा भाग आपोआप जात नाही.

मुलाने आजवर साठवलेला नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल प्रीमियममध्ये मिळणारी सूट, तुम्हाला मिळेल का, हे नाव बदलण्याआधी कंपनीकडून ई-मेलवर लेखी घ्या. हा बोनस गाडीचा नसतो, मालकाचा असतो. अनोळखी माणसाला गाडी विकली तर तो विकणाऱ्याकडेच राहतो आणि तीन वर्षांच्या आत त्याला दुसऱ्या गाडीवर वापरता येतो. घरातल्या घरात गाडी फिरते तेव्हा मात्र काउंटरवरचा माणूस एक सांगतो आणि ऑफिस दुसरंच करतं. म्हणून तोंडी उत्तरावर जाऊ नका.

नाव बदलायला महिना-दोन महिने लागणार असतील, तर तोवर तुमच्या नावाची स्वतंत्र वैयक्तिक अपघात पॉलिसी काढा. बँकेतली २० रुपयांची प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना चालू आहे का तेही पासबुकात पाहा. त्यात अपघाती मृत्यूला २ लाख मिळतात, पण ती वयाच्या ७० वर्षांपर्यंतच. तुमच्याकडे एकच वर्ष उरलंय. इतर कंपन्यांच्या अपघात पॉलिसींनाही प्रवेशाच्या वयाची मर्यादा असते, तेव्हा हे काम पुढे ढकलण्यासारखं नाही.

आता वयाबद्दल. वय झालं म्हणून कारचा प्रीमियम वाढतो, हा समज मनातून काढून टाका. थर्ड पार्टीचा दर केंद्र सरकार ठरवतं. १ जून २०२२ पासून लागू झालेल्या तक्त्यात १००० सीसीपर्यंतच्या खासगी कारला २०९४ रुपये, १००० ते १५०० सीसीला ३४१६ रुपये आणि त्यावर ७८९७ रुपये आहेत. त्या तक्त्यात चालकाच्या वयाचा रकानाच नाही. पंचविशीतल्या पोराला आणि तुम्हाला एकच दर. स्वतःच्या नुकसानीचा भाग, ज्याला 'ओडी' म्हणतात, तो मुख्यतः गाडीची ठरवलेली किंमत, सीसी, गाडीचं वय आणि नोंदणीचं ठिकाण यावर बसतो. त्यावर सवलत किती द्यायची हे कंपनी ठरवते आणि ती कंपनीगणिक बरीच बदलते, म्हणून निदान तीन कोटेशन घ्या. ठिकाणाचं म्हणाल तर पुणे, मुंबई धरून आठ शहरं 'अ' विभागात आहेत आणि बाकी सगळा देश, म्हणजे नागपूर-यवतमाळसकट, 'ब' विभागात. 'ब'चा मूळ दर थोडा कमी आहे, शेकडा तीनच्या आसपास. फार नाही. पण गाडी यवतमाळच्या आरटीओत नोंदल्यावरही एजंटने नुसता एमएच १२ पाहून पुणे निवडलं, तर तेवढे पैसे उगाच जातात.

वयाचा खरा संबंध लायसन्सशी आहे. पंचावन्न ओलांडल्यावर लायसन्सचं नूतनीकरण पाच-पाच वर्षांचंच होतं. कार्डावर 'एनटी' म्हणजे नॉन-ट्रान्सपोर्टसमोरची तारीख आजच वाचा. ती उलटून एक दिवस जरी झाला असेल आणि त्या दिवशी अपघात झाला, तर गाडीचा क्लेम गेला आणि मालक-चालकाचे १५ लाखही गेले. समोरच्या जखमी माणसाला कोर्ट कंपनीकडून भरपाई देववतं आणि मग कंपनीला ती रक्कम गाडीच्या मालकाकडून वसूल करायची मुभा देतं. मालक म्हणजे आज तरी तुमचा मुलगा. दहा-वीस लाखांची वसुली त्याच्या पगारावर येऊ शकते, आणि कारण काय, तर वडिलांच्या कार्डावरची उलटलेली तारीख.

नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपण्याच्या एक वर्ष आधीपासून परिवहन खात्याच्या सारथी पोर्टलवर करता येतो. चाळिशीनंतर डॉक्टरचं फॉर्म १-अमधलं प्रमाणपत्र लागतं. मुदत संपून एक वर्ष उलटलं तर पुन्हा चाचणी द्यावी लागते, म्हणून शेवटच्या महिन्याची वाट पाहू नका. अर्जासोबतच्या घोषणापत्रात एक प्रश्न आहे : दिवसाच्या चांगल्या उजेडात २५ मीटरवरची गाडीची नंबर प्लेट वाचता येते का? हा प्रश्न घरीच सोडवून पाहा. गाडी रस्त्याच्या कडेला उभी करा, तिथून ३५ पावलं मोजा, वळून प्लेट वाचा. चष्म्याने वाचता आली तर उत्तम. अक्षरं पुसट दिसली तर आधी डोळ्यांचा डॉक्टर, मग आरटीओ. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं असेल तर डोळा स्थिरावून नवा नंबर निघाल्यावरच प्रमाणपत्र घ्या. त्याच कागदावर चक्कर, फीट, रातांधळेपणा, कमी ऐकू येणं हेही विचारलेलं असतं. तिथे खोटं लिहू नका.

एजंटच्या सल्ल्याकडे वळतो. "थर्ड पार्टी पुरे" हे शहरातल्या पार्किंगमध्ये उभ्या असणाऱ्या जुन्या गाडीबद्दल एकवेळ मान्य करता येईल. तुमच्या गाडीला ते लावणं चूक आहे, आणि त्याची दोन कारणं आहेत.

पहिलं कारण शेजारच्या सीटवर बसतं. नुसत्या थर्ड पार्टी पॉलिसीत रस्त्यावरचा माणूस, समोरचा मोटारसायकलवाला, त्याची मालमत्ता हे सगळं येतं. पण खासगी कारमध्ये फुकट बसलेले प्रवासी, म्हणजे तुमच्या पत्नी, दवाखान्यात सोबत आलेले शेजारी, हे त्यात धरलेले नाहीत आणि कोर्टांनीही ते तसंच ठरवलं आहे. पॅकेज पॉलिसीत, जिला आपण 'फर्स्ट पार्टी' किंवा 'फुल इन्शुरन्स' म्हणतो, गाडीत बसलेल्यांबद्दलची जबाबदारी कंपनी घेते. पत्नीला तपासणीसाठी घेऊन जाणाऱ्या माणसाला हा फरक तीन-चार हजारांसाठी सोडून देण्यासारखा नाही.

दुसरं कारण आपला रस्ता. शहरात गाडी ठोकली जाते ती दुसऱ्या गाडीला, आणि दोष त्याचा असेल तर भरपाई मागायला समोर कुणीतरी असतं. आपल्याकडे सांजच्याला वावरातून रोही, म्हणजे नीलगाय, उडी घेतो, पऱ्हाटीतून रानडुकरांचा कळप निघतो, वळणावर ढोरं बसलेली असतात. टिपेश्वर, ताडोबा, मेळघाटच्या बाजूची गावं असोत की तुमचा दारव्हा-यवतमाळ पट्टा, रोही बोनेटवर आला की रेडिएटर, कंडेन्सर, हेडलाइट, बोनेट आणि काच एका दमात जातात. रोह्याचा विमा नसतो. इथे फक्त तुमची स्वतःची ओडी कामी येते. फेब्रुवारी-मार्चची गारपीट, वादळात पडलेलं झाड, आग, चोरी, पूर हेही त्याच भागात आहे. तेव्हा माझं स्पष्ट मत : ही गाडी सात-आठ वर्षांची आणि तीनेक लाख किमतीची आहे तोवर पॅकेज पॉलिसीच घ्या. किंमत लाखाच्या खाली उतरली आणि गाडी दहा वर्षांच्या पुढे गेली, की थर्ड पार्टी अधिक प्रवासी अपघात संरक्षण यावर यायला हरकत नाही, कारण तेव्हा धातूच्या भागांवरही गाडीच्या वयामुळे निम्मी घट कापली जाते आणि ओडीतून हाती फारसं लागत नाही.

पैसे कुठे वाचवायचे ते आता मांडतो. सोयीसाठी धरू की कंपनीची सवलत जाऊन ओडीचा प्रीमियम ६००० रुपये येतो आणि पाच वर्षं क्लेम नसल्यामुळे नो क्लेम बोनस ५० टक्के आहे. म्हणजे ओडी ३०००, थर्ड पार्टी ३४१६, मालक-चालक अपघात विमा समजा ३५०, पाच सीटच्या प्रवाशांना प्रत्येकी १ लाखाचं संरक्षण २५०, पगारी ड्रायव्हरची कायदेशीर जबाबदारी ५०. बेरीज ७०६६, त्यावर १८ टक्के जीएसटी धरला तर ८३००च्या जवळपास. नुसत्या थर्ड पार्टीलाही मालक-चालक आणि जीएसटी धरून साडेचार हजारांच्या जवळपास जातात. म्हणजे वाद आहे तो वर्षाच्या पावणेचार-चार हजारांचा, महिन्याचे सव्वातीनशे रुपये.

यातला ५० टक्के बोनस ही तुमची खरी कमाई आहे आणि ती किरकोळ क्लेममध्ये घालवू नका. उदाहरण घ्या. गोठ्याच्या खांबाला गाडी घासली. पुढचा बंपर ४०००, फेंडर १८००, पेंटिंग २४००, मजुरी ८००. बिल ९००० झालं. आता कंपनी काय देईल? बंपर प्लास्टिकचा, त्यावर ५० टक्के घट, मिळाले २०००. फेंडर पत्र्याचा, पाच ते दहा वर्षांच्या गाडीला ४० टक्के घट, मिळाले १०८०. पेंटिंगच्या बिलात चौथा हिस्सा रंगाच्या मालाचा धरतात आणि त्याच्यावर निम्मी घट, म्हणून २४०० पैकी ३०० गेले, मिळाले २१००. मजुरी पूर्ण, ८००. बेरीज ५९८०. त्यातून १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला सक्तीची वजावट १०००. हातात ४९८०.

आणि गेलं काय? पुढच्या वर्षी बोनस शून्य. मग २०, २५, ३५, ४५ असं चढत सहाव्या वर्षी पुन्हा ५० टक्के. ओडी ६००० तसाच धरला तर जास्तीचे भरावे लागतील ते असे : पहिल्या वर्षी ३०००, मग १८००, १५००, ९०० आणि ३००. एकूण ७५००, जीएसटीसह ८८५०. दरवर्षी गाडीची किंमत उतरते म्हणून प्रत्यक्षात थोडे कमी. तरी पाच हजार घेऊन आठ हजार देण्याचा हा व्यवहार. म्हणून तुमच्या गाडीसाठी ठोकताळा असा ठेवा : कंपनीकडून हाती पडणारी रक्कम नऊ-दहा हजारांच्या खाली असेल तर खिशातून करा. दारव्ह्याच्या डेंटरकडे बंपर नवा न टाकता प्लास्टिक वेल्डिंग करून रंगवला, तर बिलही निम्म्यावर येतं.

मग छोटे क्लेम करायचेच नाहीत तर स्वेच्छा वजावट घ्यावी का, हा पुढचा प्रश्न. जुन्या मोटर टॅरिफप्रमाणे, म्हणजे वाहन विम्याच्या दरपत्रकाप्रमाणे, क्लेममधले २५०० रुपये स्वतः सोसायची तयारी दाखवली तर ओडीत २० टक्के, पण जास्तीत जास्त ७५० रुपये सवलत. ५००० सोसले तर २५ टक्के, कमाल १५००. ऐकायला छान वाटतं. पण बोनस या सवलतीनंतरच्या रकमेवर बसतो, त्यामुळे १५०० मधले तुमचे खरे वाचतात ७५०, जीएसटीसह ८८५. सहा वर्षं एकही मोठा क्लेम आला नाही तरच ५००० भरून निघतात. रोह्यांच्या पट्ट्यात सहा वर्षांची हमी मी देणार नाही. बँकेत तेवढी शिल्लक कायम असेल तर घ्या, नाहीतर सोडून द्या.

किलोमीटरप्रमाणे प्रीमियम हा तुमच्या कामाचा प्रकार आहे. जुलै २०२२ पासून विमा नियामकाने कंपन्यांना ही मुभा दिली आहे. वर्षाला किती किलोमीटर चालवणार तो टप्पा तुम्ही निवडता, ओडोमीटरचा फोटो पाठवता आणि ओडीत सूट मिळते. तुमच्या चार हजारांवर थोडी मोकळीक ठेवून टप्पा निवडा. शेगावची वारी, लग्नसराई आणि दवाखान्याच्या दोन जादा फेऱ्या धरा. टप्पा संपत आला की जादा किलोमीटर विकत घ्यावे लागतात. ते विसरलात आणि नंतर अपघात झाला, तर कंपनी ओडीच्या क्लेमला हात लावू शकते. थर्ड पार्टीवर त्याचा परिणाम नाही.

गाडीची ठरवलेली किंमत, आयडीव्ही, कमी करून प्रीमियम उतरवणं ही एजंटची सगळ्यात लाडकी युक्ती. तीन लाखांची दोन लाख वीस हजार केली की ओडी ६००० वरून ४४०० होतो. बोनसनंतर तुमचे वाचले ८००, जीएसटीसह साडेनऊशेच्या आसपास. गाडी चोरीला गेली किंवा जळाली तर तुटतात ८० हजार. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांवर गेला की कंपनी गाडी पूर्ण नुकसानीत काढते, हेही लक्षात ठेवा. कमी आयडीव्हीची गाडी दुरुस्त होण्यासारखी असूनही भंगारात निघू शकते. कोटेशन तीन घ्या, पण तिन्हींत आयडीव्ही एकच टाकायला सांगा. नाहीतर तुलना ही तुलनाच राहत नाही.

मृत्यू-जखमेची भरपाई थर्ड पार्टीत अमर्याद असते, मालमत्तेची साडेसात लाखांपर्यंत. ती ६००० रुपयांवर आणली तर १०० रुपये कमी होतात. हे करू नका. धुऱ्यावरून रस्त्यावर आलेला बैल गाडीला आदळून मेला, तर कायद्याच्या हिशेबात ती मालमत्ता आहे आणि एका बैलाची किंमत ६००० नसते. पगारी ड्रायव्हरचे ५० रुपयेही ठेवा. सावंगी किंवा नागपूरच्या फेरीला गावातला पोरगा पैसे देऊन नेलात, तर तो त्या दिवसापुरता तुमचा नोकर आहे. त्याचं लायसन्स स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय किल्ली देऊ नका.

उलट बाजूची सूचना : तुमची गाडी कुणाच्या वऱ्हाडासाठी किंवा देवदर्शनासाठी पेट्रोल-पाण्याच्या नावाखाली पैसे घेऊन देऊ नका. खासगी पॉलिसीत भाड्याचा वापर आला की कंपनीला नाकारायला आयतं कारण मिळतं, आणि गाडीत बसलेला माणूसच "पाचशे दिले होते" असं जबाबात सांगून जातो.

जादा संरक्षणांपैकी झिरो डेप, म्हणजे घट न कापता भरपाई, बहुतेक कंपन्या पाच वर्षांपर्यंत देतात, काही थोडं पुढे. तुमच्या गाडीला मिळालं तरी महाग पडेल, त्याच्या मागे लागू नका. दोन गोष्टी मात्र नीट पाहा. पहिली टोइंग. मूळ पॉलिसीत अपघातानंतर गाडी ओढून नेण्याचे कमाल १५०० रुपये मिळतात. कंपनीचं कॅशलेस गॅरेज यवतमाळ किंवा अमरावतीला, आणि गाडी पडली आर्णीच्या पुढे घाटात, तर क्रेनवाला तेवढ्यात येत नाही. रोडसाइड असिस्टन्स काही शेकड्यांत मिळतं, पण घेण्याआधी विचारा : दारव्हा तालुक्यात सेवा आहे का, किती किलोमीटरपर्यंत ओढणार, आणि वाहन पाठवता आलं नाही तर बिल परत देणार का? उत्तर मोबाइलवर लेखी मागा.

दुसरी इंजिनची. पावसाळ्यात नाल्याचं पाणी रपट्यावरून वाहत असताना गाडी घातली, मध्येच बंद पडली आणि पुन्हा स्टार्टर मारला, की हवेच्या वाटेने सिलिंडरमध्ये पाणी जातं. पाणी दाबलं जात नाही, त्यामुळे कनेक्टिंग रॉड वाकतो. आतली साफसफाई, सीट, वायरिंग हे ओडीत मिळतं, पण इंजिनच्या आतलं नुकसान 'नंतर ओढवलेलं' म्हणून कापलं जातं. बिल पन्नास हजारांच्या पुढे सहज जातं. तुमच्या येण्याजाण्याच्या वाटेवर असा रपटा असेल तर इंजिन प्रोटेक्ट घ्या. घेतलं तरी पाण्यात बंद पडलेल्या गाडीला पुन्हा किल्ली मारायची नाही. ढकलून बाहेर काढा, बॅटरीची काळी वायर सोडवा आणि कंपनीला फोन लावा. उंदरांनी वायरिंग कुरतडणं हाही आपल्याकडचा कायमचा त्रास आहे. सोयाबीन-तुरीच्या पोत्यांशेजारी गाडी उभी असली की महिन्याभरात वायरिंग जातं. मूळ पॉलिसीत यावर वाद होतो, तेव्हा घेतानाच विचारा आणि गाडी पोत्यांपासून लांब लावा.

पॉलिसी काढताना मागच्या वर्षी क्लेम झाला होता का, हे खरं सांगा. एजंट प्रीमियम कमी दाखवायला क्लेम लपवून बोनस टाकतो आणि कंपन्या आपसात ते पडताळतात. क्लेमच्या वेळी ते उघडं पडतं आणि अडचणीत येता तुम्ही. पैसे रोख देऊ नका. यूपीआय किंवा चेकने थेट कंपनीला द्या, आणि चेक परत गेला तर विमा सुरूच झाला नाही असं समजा. पॉलिसी आल्यावर एमपरिवहन ॲपमध्ये गाडीचा नंबर टाकून विम्याची तारीख दिसते का ते पाहा. बनावट पॉलिसी देणारे असतात, आणि 'फुल इन्शुरन्स' सांगून थर्ड पार्टी हातात ठेवणारेही असतात. पॉलिसीच्या पहिल्या पानावर 'ओन डॅमेज प्रीमियम' या ओळीसमोर आकडा नसेल तर ती फुल नाही.

मुदत चुकू देऊ नका. संपल्यानंतर ९० दिवसांत नूतनीकरण झालं नाही तर पाच वर्षांचा बोनस पूर्ण जातो. आणि त्या ९० दिवसांत बोनस शाबूत असला तरी विमा नसतो. विम्याशिवाय सापडलात तर पहिल्यांदा २००० रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, आणि अपघात झाला तर सगळी भरपाई घरातून.

अपघात झालाच तर गाडी हलवण्याआधी फोटो. रोही असेल तर जनावर, बोनेटवरचे केस आणि रक्त, रस्त्यावरच्या काचा आणि मागचा मैलाचा दगड एका चौकटीत येऊ द्या. जनावर मेलं असेल तर वन विभागाला कळवा. कंपनीला त्याच दिवशी फोन करा आणि क्लेम नंबर लिहून घ्या. माणूस जखमी असेल तर आधी दवाखाना, मग २४ तासांच्या आत पोलीस. गावात बसून मिटवून टाकायची आपली रीत आहे, पण कंपनीच्या लेखी संमतीशिवाय दोष कबूल करणारा किंवा पैसे देण्याचा कागद लिहून दिलात तर पॉलिसीची अट मोडते. माणुसकी म्हणून दवाखान्याचा खर्च केलात तर पावत्या जपा, सही मात्र कशावर करू नका. क्लेम विनाकारण अडला तर आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लिहा, मग विमा नियामकाच्या १५५२५५ या नंबरवर किंवा बिमा भरोसा पोर्टलवर, त्यानंतर विमा लोकपाल किंवा यवतमाळचा जिल्हा ग्राहक आयोग.

गाडी तुमच्या नावावर झाली की मालक-चालक विम्यात नॉमिनी म्हणून पत्नीचं नाव घाला आणि पॉलिसीची प्रत कुठे ठेवली ते त्यांना दाखवून ठेवा. मालक गेल्यावर पॉलिसी लगेच संपत नाही. मृत्यूच्या तारखेपासून तीन महिने किंवा पॉलिसीची मुदत, यातलं जे आधी संपेल तोवर ती चालू राहते. तेवढ्या काळात वारसाने मृत्यूचा दाखला आणि मालकीचे कागद देऊन गाडी आणि विमा आपल्या नावावर करून घ्यायचा असतो. केला तर साठवलेला बोनसही पत्नीला किंवा मुलाला मिळतो.